नकाशावरचा ठिपका किती खरा? पायथनमधील क्लाउड-आधारित जीपीएस ट्रॅकर या प्रकल्पाचे समीक्षण

१. समीक्षण कशाचे आणि कशासाठी

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या किंवा अंतिम वर्षात प्रकल्प निवडायची वेळ आली की काही विषय दरवर्षी हमखास पुढे येतात. 'पायथन वापरून क्लाउड-आधारित जीपीएस ट्रॅकिंग ॲप्लिकेशन' हा त्यांपैकी एक. कोणी कॉलेज बससाठी करतो, कोणी रुग्णवाहिकेसाठी, कोणी शाळेच्या व्हॅनसाठी. नाव बदलते, आराखडा बहुधा तोच राहतो. एक जीपीएस मॉड्यूल, त्याला जोडलेला ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय, माहिती पाठवायला सिम मॉड्यूल किंवा वायफाय, पलीकडे फ्लास्कमध्ये लिहिलेला छोटा सर्व्हर, एक डेटाबेस आणि शेवटी ब्राउझरमध्ये नकाशा. नकाशावर ठिपका उमटला की प्रकल्प पूर्ण झाला असे समजले जाते.

या टिपणात कोणा एका विद्यार्थ्याच्या किंवा एका पुस्तकाच्या प्रकल्पावर टीका नाही. वर सांगितलेला जो प्रचलित आराखडा आहे, जो जाळ्यावरच्या पाठांमधून, व्हिडिओंमधून आणि मागच्या वर्षीच्या अहवालांमधून पुढच्या वर्षीच्या अहवालात उतरतो, त्याचे हे समीक्षण आहे. कवितेचे किंवा नाटकाचे समीक्षण करताना आपण विचारतो की या कृतीने जे साधायचे ठरवले ते साधले का. तोच प्रश्न तांत्रिक कृतीलाही विचारता येतो. 'ट्रॅकिंग' या शब्दात एक वचन आहे: वाहन आत्ता कुठे आहे ते मी सांगेन. हे वचन प्रचलित आराखडा पाळतो का, एवढेच आपण पाहणार आहोत.

२. आराखड्याचे गुण

आधी जमेची बाजू. अध्यापनाच्या दृष्टीने हा प्रकल्प उत्तम आहे, कारण एकाच कामात विद्यार्थ्याला पाच-सहा विषय भेटतात: उपग्रह संदेशवहन, सीरियल पोर्ट, मजकुराचे विश्लेषण, नेटवर्क प्रोटोकॉल, डेटाबेस आणि वेबपृष्ठ. वेगवेगळ्या सत्रांत शिकलेले धागे इथे एकत्र येतात.

पायथनची निवडही योग्य आहे. जीपीएस मॉड्यूल जी माहिती देते ती साध्या मजकुराच्या ओळींच्या रूपात असते, आणि मजकुराशी झटापट करण्यात पायथन तरबेज आहे. पायसीरियल हे ग्रंथालय पोर्ट वाचते, पायएनएमईए२ ओळींचा अर्थ लावते, फ्लास्कमध्ये दहा-पंधरा ओळींत सर्व्हर उभा राहतो आणि फोलियम नकाशा काढून देते. दोन आठवड्यांत काहीतरी दिसू लागते, आणि काहीतरी दिसू लागले की शिकण्याची गोडी वाढते. हा गुण लहान नाही.

अडचण इथूनच सुरू होते. सगळे इतक्या सहज जुळते की मधल्या पायऱ्यांवर थांबून प्रश्न विचारायची गरजच भासत नाही.

३. पहिला दोष: आलेली संख्या जशीच्या तशी खरी मानणे

जीपीएस म्हणजे काय हे थोडक्यात आठवू. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह आपापली वेळ आणि आपली जागा सतत प्रसारित करतात. रिसीव्हर त्या संदेशांना लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. अज्ञात राशी चार असतात: अक्षांश, रेखांश, उंची आणि रिसीव्हरच्या घड्याळाची चूक. म्हणून किमान चार उपग्रह दिसावे लागतात. प्रकाश एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जातो, तेव्हा घड्याळातली एवढीशी चूकही जागेत मोठी होऊन उतरते.

म्हणजेच जीपीएस मॉड्यूल जागा सांगते तेव्हा ते जागेचा अंदाज सांगते. त्या अंदाजाबरोबर तो कितपत विश्वासार्ह आहे हेही ते सांगत असते. प्रचलित आराखडा हा दुसरा भाग टाकून देतो.

एनएमईए ०१८३ या संकेतानुसार येणाऱ्या 'जीपीआरएमसी' ओळीत वेळेनंतर लगेच एक अक्षर असते. ते 'ए' असेल तर माहिती ग्राह्य, 'व्ही' असेल तर अग्राह्य. 'जीपीजीजीए' ओळीत किती उपग्रह वापरले आणि उपग्रहांच्या मांडणीमुळे आडवी अचूकता किती बिघडली हे सांगणारा एचडीओपी हा आकडा असतो. ओळीच्या शेवटी तारांकनानंतर चेकसम असतो: डॉलर चिन्ह आणि तारांकन यांच्या मधल्या सर्व अक्षरांचा एक्सऑर. सैल वायरीमुळे एखादे अक्षर बिघडले तर ते इथे पकडता येते. अनेक प्रकल्पांत ओळ स्वल्पविरामांवर तोडून फक्त अक्षांश-रेखांश उचलले जातात. ग्राह्य-अग्राह्य अक्षर, एचडीओपी आणि चेकसम या तिन्हींकडे कोणी पाहत नाही.

याहून ठळक चूक एककाची आहे. एनएमईएमध्ये अक्षांश दशांश अंशांत येत नाही. तो अंश आणि मिनिटे चिकटवून येतो. पुण्याचे उदाहरण घेऊ. शहराचे अक्षांश-रेखांश साधारण १८.५२०४ उत्तर आणि ७३.८५६७ पूर्व. एनएमईए ओळीत हेच १८३१.२२४ आणि ०७३५१.४०२ असे दिसेल, म्हणजे १८ अंश ३१.२२४ मिनिटे आणि ७३ अंश ५१.४०२ मिनिटे. योग्य रूपांतर असे: मिनिटांना ६० ने भागा आणि अंशांत मिळवा. कोणी सरळ १०० ने भागले तर १८.३१२२ आणि ७३.५१४० मिळतात. हा बिंदू पुण्यापासून नैऋत्येला सुमारे ४३ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या डोंगरात पडतो. गंमत अशी की ठिपका भारतातच, महाराष्ट्रातच उमटतो, त्यामुळे पाहणाऱ्याला 'जवळपास बरोबर' वाटते. वेगाचेही तसेच. 'जीपीआरएमसी'मधला वेग नॉटमध्ये असतो आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. हा गुणाकार विसरला तर ताशी ७४ किलोमीटर वेगाने धावणारी बस पडद्यावर ४० ने जाते. वेगमर्यादेचा इशारा देणाऱ्या प्रकल्पात ही चूक जिवावर बेतू शकते. पायएनएमईए२ अंशांचे रूपांतर करून देते, पण वेग नॉटमध्येच ठेवते. ग्रंथालय काय करते आणि काय करत नाही हे वाचल्याशिवाय कळत नाही.

आता एक अवघड गोष्ट. प्रयोगशाळेच्या काँक्रीट छताखाली जीपीएस नीट चालत नाही. शिवाय उपग्रहाचा संदेश सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने येतो आणि त्याच्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. त्यामुळे नुकत्याच चालू केलेल्या रिसीव्हरला मोकळ्या आकाशाखालीही अर्धा मिनिट लागणे स्वाभाविक आहे. परीक्षकांसमोर ठिपका यायलाच हवा, या दडपणाखाली प्रोग्राममध्ये अक्षांश-रेखांश आधीच लिहून ठेवले जातात. पर्याय असा आहे: मैदानावर फिरून खऱ्या एनएमईए ओळी एका फाइलमध्ये साठवा आणि सादरीकरणात ती फाइल वाचून दाखवा, तसे स्पष्ट सांगून. ही चाचणीची मान्य पद्धत आहे. पहिल्या प्रकाराला खोटा पुरावा म्हणतात.

४. दुसरा दोष: अचूकतेचा अर्थ न समजणे

अहवालांत 'अचूकता २.५ मीटर' असे वाक्य जवळजवळ नेहमी असते. स्वस्त आणि लोकप्रिय अशा निओ-६एम मॉड्यूलच्या माहितीपत्रकातून ते घेतलेले असते. पण तिथला २.५ मीटर हा सीईपी आहे. त्याचा अर्थ, अनुकूल परिस्थितीत निम्मे बिंदू २.५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पडतील. उरलेले निम्मे बाहेर पडतील, आणि किती बाहेर ते हा आकडा सांगत नाही. उंच इमारतींच्या गल्लीत, जिथे संदेश भिंतींवर आपटून येतो, तिथे तर परिस्थिती अनुकूल नसतेच.

याचा परिणाम कुठे होतो ते पाहा. बस आगारात उभी आहे. तिचा बिंदू स्थिर राहत नाही, थोडा इकडे-तिकडे डोलतो. दर दहा सेकंदांनी एक नोंद घेतली तर दिवसाला ८,६४० नोंदी होतात. दोन लागोपाठच्या बिंदूंत सरासरी दोन मीटर फरक पडला आणि प्रोग्रामने हॅवरसाइन सूत्राने एकेक अंतर काढून बेरीज केली, तर उभ्या बसने दिवसात १७ किलोमीटरांहून अधिक 'प्रवास' केला असे उत्तर येते. सूत्र बरोबर आहे, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर घेतली तेही बरोबर आहे, आणि तरी उत्तर निरर्थक आहे. डिझेलचा हिशोब या आकड्यावर केला तर भांडण ठरलेलेच.

उपाय अवघड नाहीत. वेग ठरावीक मर्यादेखाली असेल तर अंतर मोजू नये. एचडीओपी जास्त असलेला बिंदू बाजूला ठेवावा. दोन बिंदूंमधून निघणारा वेग वाहनाला अशक्य असेल तर तो बिंदू नाकारावा. पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काल्मन फिल्टर आहे. पण काल्मन फिल्टरचे प्रकरण अहवालात घालून प्रोग्राममध्ये काहीच न करण्यापेक्षा पहिल्या तीन अटी मनापासून लिहिणे अधिक मोलाचे.

५. तिसरा दोष: वेळ कोणाची?

प्रचलित आराखड्यात सर्व्हरवर नोंद पोहोचली की डेटाबेस त्या क्षणाची वेळ आपोआप लावतो. नेटवर्क अखंड असेल तोवर याने काही बिघडत नाही. पण भारतातले रस्ते घाटांतून, जंगलांतून आणि बोगद्यांतून जातात.

समजा बस घाटात २० मिनिटे नेटवर्कबाहेर होती. उपकरणाने त्या वेळात १२० नोंदी साठवून ठेवल्या आणि नेटवर्क येताच पाच सेकंदांत पाठवल्या. बसने या काळात दहा किलोमीटर कापले. सर्व्हरच्या घड्याळानुसार दहा किलोमीटर पाच सेकंदांत झाले, म्हणजे वेग ताशी ७,२०० किलोमीटर. यावर कोणी हसेल. पण उपकरणात साठवण्याची सोयच नसेल तर हे हास्यास्पद उत्तरही मिळत नाही. २० मिनिटांचा मार्ग कायमचा नाहीसा होतो, आणि अपघात नेमका तिथेच झाला असेल तर तपासाला काहीच हाती लागत नाही.

म्हणून प्रत्येक नोंदीला दोन वेळा हव्यात: उपकरणाने बिंदू मोजला ती वेळ आणि सर्व्हरला तो मिळाला ती वेळ. या दोहोंतला फरक हीच प्रणालीच्या प्रकृतीची नाडी आहे. एनएमईएमधली वेळ यूटीसी असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे. साठवताना यूटीसीच साठवावी आणि दाखवताना बदलावी. नाहीतर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळातल्या नोंदी आदल्या दिवसाच्या खात्यात जातात आणि रात्रीच्या बसगाड्यांचा अहवाल गोंधळतो.

उपकरणाची वेळही डोळे झाकून घेऊ नये. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत असतो, त्यामुळे तो १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये घडले. ज्या रिसीव्हरच्या आतल्या प्रोग्रामने याची तजवीज केलेली नसते तो तारीख जवळपास वीस वर्षे मागे दाखवतो. तारीख शक्य त्या मर्यादेत आहे ना, ही एक ओळीची तपासणी म्हणून हवीच.

६. चौथा दोष: 'क्लाउड' म्हणजे दुसऱ्याचा संगणक एवढेच

अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या प्रसिद्ध केली. तिच्यात पाच लक्षणे आहेत: मागताक्षणी स्वतः घेता येणारी सेवा, सर्वत्र नेटवर्कवरून उपलब्धता, साधनांचा सामायिक साठा, गरजेप्रमाणे झटपट वाढणे-घटणे आणि वापराची मोजणी. प्रचलित प्रकल्पात एक यंत्र भाड्याने घेऊन त्यावर फ्लास्कचा विकासासाठीचा सर्व्हर चालवलेला असतो. तो सर्व्हर सुरू होताना स्वतःच इशारा देतो की प्रत्यक्ष वापरासाठी मला वापरू नका. स्क्रीनच्या छायाचित्रात तो इशारा दिसत असतो आणि अहवालात छापलाही जातो.

पाचवे लक्षण, म्हणजे मोजणी, विद्यार्थी सर्वात कमी विचारात घेतात. गणित करून पाहू. ५० बस, दर दहा सेकंदांना एक नोंद. दिवसाला ४,३२,००० नोंदी, वर्षाला पंधरा कोटींहून अधिक. एका नोंदीला १०० बाइट धरले तरी वर्षाला सुमारे १६ जीबी, निर्देशांक वेगळे. आता नकाशा उघडणाऱ्या प्रत्येक पालकासाठी प्रोग्राम सगळी सारणी वाचून शेवटची ओळ शोधत असेल, तर पहिल्या महिन्यातच तो गुडघे टेकेल. उपकरण क्रमांक आणि वेळ यांवर संयुक्त निर्देशांक आणि प्रत्येक बसच्या ताज्या जागेसाठी वेगळी छोटी सारणी, एवढ्याने चित्र बदलते. हे डेटाबेसच्या पाठ्यपुस्तकातलेच आहे. फक्त इथे वापरलेले नाही.

दुसरी बाब अवलंबित्वाची. हेरोकूची मोफत सेवा नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली. गुगलची आयओटी कोअर सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये बंद झाली. या दोन्हींवर बेतलेले पाठ आजही वाचले जातात, आणि विद्यार्थी तिसऱ्या पायरीवर अडकून बसतो. मोफत सेवा वापरायला हरकत नाही, पण प्रोग्राम असा रचावा की सेवा बदलली तर एकच फाइल बदलावी लागेल.

तिसरी बाब प्रोटोकॉलची. शंभर बाइटांची नोंद पाठवायला दर वेळी नवी एचटीटीपी जोडणी उघडली तर शीर्षकांचा आणि सुरक्षित जोडणीचा भार मूळ माहितीच्या कितीतरी पट होतो. एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्गे देखरेख करण्यासाठी तयार झाला, म्हणजे महाग आणि बेभरवशाचे नेटवर्क गृहीत धरूनच. मात्र त्याच्या 'किमान एकदा' या हमीच्या पातळीत एकच नोंद दोनदा येऊ शकते. तेव्हा उपकरण क्रमांक आणि उपकरणाची वेळ ही जोडी डेटाबेसमध्ये अद्वितीय ठेवायला हवी. एमक्यूटीटी वापरले असे लिहिणाऱ्या अहवालात ही ओळ शोधा. बहुधा सापडणार नाही.

चौथी बाब आपल्या देशापुरती. सिम८००एल हे स्वस्त मॉड्यूल फक्त २जी वर चालते. जिओचे २जी नेटवर्क नाही, त्यामुळे ते सिम त्यात चालणार नाही. प्रक्षेपणाच्या क्षणी हे मॉड्यूल दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते, आणि साध्या यूएसबी पुरवठ्यावर ते पुन्हा पुन्हा बंद पडते. 'क्लाउडला जोडले जात नाही' अशी तक्रार असते तेव्हा दोष अनेकदा पायथनमध्ये नसून वीजपुरवठ्यात असतो.

७. पाचवा आणि सर्वात गंभीर दोष: मेलेला ठिपका जिवंत दिसतो

आता मूळ वचनाकडे येऊ: वाहन आत्ता कुठे आहे? 'आत्ता' या शब्दाचे प्रचलित आराखड्यात काय होते?

फोलियम हे ग्रंथालय लीफलेटवर आधारित नकाशाचे एक तयार पृष्ठ लिहून देते. पृष्ठ तयार झाले त्या क्षणी ते गोठते. मग विद्यार्थी ते दर काही सेकंदांनी पुन्हा लोड करतात आणि त्याला 'रिअल टाइम' म्हणतात. ताशी ४० किलोमीटरने जाणारी बस दहा सेकंदांत १११ मीटर पुढे जाते. म्हणजे सगळे ठीक चालले असतानाही ठिपका एखादा चौक मागे असू शकतो. हे चालेल, जर पाहणाऱ्याला ते माहीत असेल.

न चालणारी गोष्ट वेगळी आहे. उपकरणाची वीज गेली, सिमचे रिचार्ज संपले, कोणी वायर उपटली. सर्व्हरकडे नवी नोंद येत नाही. सर्व्हर शेवटची नोंद दाखवत राहतो. ठिपका शाळेच्या फाटकाजवळ शांतपणे उभा दिसतो. पालक समजतात, बस पोहोचली. प्रत्यक्षात बस कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही. चुकीची माहिती देणाऱ्या प्रणालीपेक्षा 'मला माहीत नाही' म्हणणारी प्रणाली बरी, कारण दुसरी निदान माणसाला फोन उचलायला लावते.

उपाय दोन-चार ओळींचा आहे. प्रत्येक ठिपक्याबरोबर त्याचे वय दाखवा: '८ सेकंदांपूर्वी', '६ मिनिटांपूर्वी'. ठरावीक वयानंतर ठिपका करडा करा आणि व्यवस्थापकाला सूचना पाठवा. एवढे केलेला विद्यार्थी 'ट्रॅकिंग' हा शब्द समजला असे मी म्हणेन. बाकीची रंगीत बटणे नसली तरी चालतील.

तुलनेसाठी आपल्याच देशाचे एआयएस १४० हे मानक पाहावे. सार्वजनिक सेवेच्या वाहनांतल्या स्थानदर्शक उपकरणांसाठी ते लिहिले आहे. त्यात आपत्कालीन बटण आहे, गाडीची वीज गेली तर चालणारी अंतर्गत बॅटरी आहे, नेटवर्क नसताना नोंदी साठवण्याची आणि नंतर पाठवण्याची अट आहे, आणि साठलेल्या नोंदींपेक्षा ताज्या नोंदीला प्राधान्य देण्याचे सूत्र आहे. म्हणजे आपण वर ज्या उणिवा पाहिल्या त्यांपैकी बऱ्याच या मानकाने आधीच ओळखल्या आहेत. तरीही वाहन ट्रॅकिंगवरच्या अहवालांत, वाङ्मय-आढाव्याच्या प्रकरणात, या मानकाचे नाव क्वचितच दिसते. तीच गत नाविक या भारतीय प्रणालीची. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला गेला. अहवालाच्या प्रस्तावनेत तिचा अभिमानाने उल्लेख असतो, आणि पुढच्या पानावर वापरलेले निओ-६एम मॉड्यूल तिचे संदेश घेऊच शकत नाही.

८. ज्याचा माग काढतो त्याचे काय?

शेवटचा मुद्दा प्रोग्रामबाहेरचा वाटेल, पण तो आतलाच आहे. बस ही वस्तू असली तरी तिच्यात चालक असतो. बसचा माग म्हणजे चालकाच्या दिवसाचा माग: तो कुठे थांबला, किती वेळ थांबला, घरी केव्हा गेला. शाळेच्या व्हॅनचा माग म्हणजे कोणते मूल कोणत्या दारात किती वाजता उतरते याची यादी.

असे असताना प्रचलित प्रकल्पात नोंद स्वीकारणारा पत्ता सर्वांना खुला असतो. अक्षांश-रेखांश थेट पत्त्यातच लिहून पाठवले जातात. तो पत्ता कळलेला कोणीही खोटी बस कुठेही उभी करू शकतो. फायरबेस वापरले असेल तर ते 'चाचणी अवस्थेत' ठेवलेले असते, म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत कोणीही वाचावे आणि कोणीही लिहावे. मुदत संपली की प्रकल्प बंद पडतो आणि मग मुदत वाढवली जाते. गुप्त किल्ल्या गिटहबवर सर्वांसमोर ठेवलेल्या असतात.

प्रत्येक उपकरणाला वेगळी गुप्त किल्ली, प्रत्येक नोंदीवर त्या किल्लीने केलेली एचमॅक सही, एवढे पायथनच्या मूळ ग्रंथालयातच उपलब्ध आहे. वेगळे काही बसवावेही लागत नाही.

नावे काढून टाकली की माहिती निनावी होते, असाही समज आढळतो. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातल्या वापरकर्त्यांच्या एकत्रित मार्गांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात एकाही व्यक्तीचे नाव नव्हते. तरी जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आले की निर्जन प्रदेशातल्या लष्करी तळांभोवती धावणाऱ्या सैनिकांच्या वाटा त्यात उजळून दिसतात. जागा आणि वेळ एकत्र आली की नावाची गरज उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे, तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे, आणि बालकांचा माग काढण्यावर सर्वसाधारण बंधन घालून विशिष्ट कारणांसाठी सवलतीची वाट ठेवली आहे. शाळेच्या व्हॅनचा प्रकल्प करणाऱ्याने हे वाचायलाच हवे. त्यातून प्रोग्रामच्या रचनेचे प्रश्न निघतात: नोंदी किती दिवस ठेवायच्या? ड्यूटी संपल्यावर नोंद थांबते का? पालकाला आपल्याच मुलाची बस दिसते की सगळ्यांच्या? जुनी नोंद पुसण्याची आज्ञा आहे का? हे प्रश्न 'भविष्यातील सुधारणा' या प्रकरणात ढकलण्यासारखे नाहीत.

९. निष्कर्ष

प्रचलित आराखडा अपुरा आहे. निरुपयोगी मात्र नाही. जोडणी कशी करायची हे तो चांगले शिकवतो, पण जोडलेल्या गोष्टीवर विश्वास कधी ठेवायचा हे शिकवत नाही. पायथन किंवा क्लाउड यांच्याकडे याचा दोष जात नाही. 'चालते आहे' आणि 'खरे सांगते आहे' यांतला फरक न विचारण्याच्या आपल्या सवयीचा तो दोष आहे, आणि तिला शिक्षक व परीक्षकही खतपाणी घालतात. तोंडी परीक्षेत 'ठिपका दाखवा' म्हणण्याऐवजी 'वायर काढा, आता काय दिसते ते दाखवा' असे म्हटले, तर पुढच्या वर्षीचे प्रकल्प आपोआप सुधारतील.

विषय निवडलेल्यांनी आवाका लहान ठेवावा. एक बस, एक मार्ग, सात दिवस पुरेत. उपकरण एका ठाऊक असलेल्या बिंदूवर तासभर ठेवा आणि किती टक्के बिंदू किती त्रिज्येत पडले ते स्वतः मोजा. तो आकडा माहितीपत्रकातल्या आकड्याहून वाईट निघेल. तोच अहवालात लिहा, कारण तो तुमचा आहे. मुक्त स्रोतातली ट्रॅकार ही प्रणाली जावामध्ये लिहिलेली असली तरी तिची रचना वाचा. या टिपणातल्या अडचणींना प्रत्यक्ष वापरातली प्रणाली कशी सामोरी जाते ते त्यातून दिसेल.

१०. स्वाध्याय

१. एनएमईए ओळीत अक्षांश २८३६.८३४ आणि रेखांश ०७७१२.५४० आहेत. दशांश अंशांत रूपांतर करा. १०० ने भागल्यास बिंदू कोणत्या दिशेला आणि साधारण किती किलोमीटर सरकतो?

२. तुमच्या प्रकल्पात नेटवर्क १५ मिनिटे बंद करा. परत आल्यावर किती नोंदी मिळाल्या, किती हरवल्या आणि किती दुबार आल्या, याची सारणी करा.

३. उभ्या वाहनाच्या एका तासाच्या नोंदींवरून प्रोग्रामने काढलेले अंतर किती? ते शून्याजवळ आणण्यासाठी कोणती अट घातली, आणि त्या अटीमुळे हळू चालणाऱ्या वाहनाचे अंतर कमी मोजले जाते का?

४. सहाध्यायाला तुमच्या सर्व्हरचा पत्ता द्या, किल्ली देऊ नका. त्याला खोटी नोंद घालता येते का ते पाहा.

५. ज्या चालकाच्या वाहनावर उपकरण बसवले त्याला पाच वाक्यांत, त्याच्या भाषेत, समजावून सांगा: काय नोंदले जाते, कोण पाहते, केव्हा पुसले जाते. ही पाच वाक्ये लिहिता येत नसतील तर प्रकल्पाची रचना अजून पूर्ण झालेली नाही.